उकंडराव आणि तीन नळ्या

उकंडराव डाखोरे यांनी कळंबच्या नळयोजनेवर एकतीस वर्षं वॉलमनची नोकरी केली. कोणत्या गल्लीला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं. या नोकरीनं त्यांना गुडघेदुखी दिली आणि एक खोड दिली. कुठलंही उघडं तोंड दिसलं की ते बंद केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पाहुण्याच्या घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल दिसलं, तर बोलता बोलता उठून ते घट्ट करून येत. गावातल्या चिंतामणीच्या देवळातल्या कुंडात पाणी आपसूक वर येतं, तेवढं मात्र त्यांनी देवाचं काम म्हणून सोडून दिलं होतं.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. उकंडरावांनी कोठ्यात अठरा वर्षं पडून असलेली चौऱ्याऐंशी सालची राजदूत मोटरसायकल बाहेर काढली. तिच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. ती त्यांनी राळेगाव रोडवरच्या जहीर मेकॅनिककडे नेऊन टाकली. जहीर कमी बोलणारा, हातातलं काम संपेपर्यंत चहासुद्धा न घेणारा माणूस. त्यानं चार महिने खपून गाडीचा नटबोल्ट न् नटबोल्ट नवा केला. जुना कार्बोरेटर पार झिजला होता, म्हणून नागपूरहून दुसरा आणून बसवला. गाडी ताब्यात देताना त्यानं एवढंच सांगितलं, "भाऊ, गाडी उभी केली का पेट्रोलचा कॉक बंद करत जा."

उकंडरावांना हसूच आलं. ज्यानं एकतीस वर्षं अख्ख्या गावाचे कॉक बंद केले, त्याला हा शिकवणार!

तिसऱ्या दिवशी सकाळी विमलताई, म्हणजे उकंडरावांच्या सौभाग्यवती, सडा टाकायला अंगणात आल्या आणि नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या.

"अवो, तुमची गाडी माह्या रांगोळीवर मुतून राह्यली," त्या म्हणाल्या.

उकंडराव गाडीखाली पालथे पडले. पाहतात तर कार्बोरेटरपासून तीन बारीक रबरी नळ्या खाली लोंबत होत्या, आणि एकीतून पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. जुन्या कार्बोरेटरला असल्या नळ्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. बाकीच्या दोन कोरड्या होत्या, पण तोंडं त्यांचीही उघडी.

"एकाही नळीले बूच नाही," ते जमिनीवरूनच म्हणाले. "जहीर इसरला."

शेतातल्या ठिबकच्या सामानात नळीचं छिद्र बुजवायची काळी बुचं पडलेली होती. त्यातली तीन त्यांनी आणली आणि तिन्ही नळ्यांच्या तोंडात ठोकली. अशी फिट्ट बसली की जणू मापानं करून आणलेली. गळणं थांबलं. पेट्रोलचा कॉक मात्र त्यांनी पाहिला नाही. असल्या गोष्टी त्यांना पाहाव्या लागत नसत.

त्याच दिवशी त्यांना राळेगावला जायचं होतं. तिथल्या सदाशिवरावांच्या घरी वडिलांच्या हातची एक जुनी मोटरसायकल होती. ती दुरुस्तीला जहीरकडे द्यावी की यवतमाळला न्यावी, हे सदाशिवराव उकंडरावांची राजदूत बघून ठरवणार होते. जहीरनं गळ घातली होती, "एकदा नेऊन दाखवा भाऊ. हे काम भेटलं तं चार गावचे लोक जुन्या गाड्या घेऊन येतीन."

गाडी दोन किलोमीटर राजासारखी गेली आणि बसली. उकंडरावांनी चाळीस किका मारल्या. घाम पुसून बाभळीखाली पाव तास टेकले, उठले, तर पहिल्याच किकला चालू. पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा ठप्प. जाणाऱ्या एसटीतली माणसं त्यांना पाहून गेली आणि परतीच्या एसटीतलीही पाहून गेली. शेवटचा पल्ला ढकलत त्यांनी सदाशिवरावांचं दार गाठलं, तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता. निघाला तो जहीरच्या नावानं.

"बनवलं मले जहीरनं. चार महिने कायले ठेवली होती गाडी, त्यालेच माहीत."

"मंग माही गाडी घरीच बरी," सदाशिवराव म्हणाले.

उकंडराव एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढचे दोन दिवस कळंबात ज्या ज्या ओट्यावर चार माणसं बसलेली दिसली, तिथं तिथं टेकून त्यांनी जहीरचा उद्धार केला. जहीरच्या कानावर गेलं. तो हातातलं काम करत राहिला.

तिसऱ्या दिवशी नव्या वॉलमनचा, विक्कीचा, फोन आला. वरच्या वस्तीत पाणी चढत नव्हतं.

"लाइनीवरचा एअर वॉल पाह्य," उकंडराव खाटेवर लोळतच म्हणाले. "फुसफुसते म्हणून कोणीतरी चिंधी कोंबली असन. एकतीस वर्षं बोंबललो बाप्पा मी लोकायवर, का ते तोंड बुजवू नका. हवेले वाट नाही भेटली तं पाणी पुढं जाईन कसं?"

वाक्य संपलं आणि उकंडराव उठून बसले. पलीकडून विक्की हॅलो हॅलो करत राहिला. यांची नजर अंगणातल्या राजदूतवर खिळली होती.

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उतरायचं तर आतल्या हवेला जा-ये करायला वाट हवी. त्या दोन कोरड्या नळ्या म्हणजे गाडीचा एअर वॉल होता. तिसरी होती जादा झालेलं पेट्रोल बाहेर टाकायची. गावाला जे करू नका म्हणून घसा कोरडा केला, तेच त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. त्यांनी त्या दोन कोरड्या नळ्यांची बुचं उपटली, गाडीवर बसले आणि गावाला तीन फेऱ्या मारल्या. गाडी एकदाही बसली नाही. घरी येऊन पेट्रोलचा कॉक बंद करायला वाकले, तेव्हा लक्षात आलं की गाडी आणल्यापासून तो एकदाही बंद केलाच नव्हता.

"सुधारली वाटते," विमलताई म्हणाल्या. उकंडरावांना झाला प्रकार सांगावा लागला. ऐकून त्या हसल्या नाहीत. "आन जहीरभाईचं जे नाव खराब केलं, त्याचं काय?"

"सांगीन ना हळूच त्याले. चौकात कायले पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी ते हळूच सांगायला निघाले. पण जहीरच्या गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवर नेमके सदाशिवराव बाजारासाठी आलेले, आणि भोवती सात-आठ माणसं.

"काय उकंडराव, आज ढकलत नाही आणली?" सदाशिवराव म्हणाले.

आवाज ऐकून जहीर बाहेर आला. सवयीनं गाडीपाशी वाकला. तिसऱ्या नळीचं बूच अजून तिथंच होतं, ते त्याला दिसलं. शेजारच्या दोन नळ्यांची ताणलेली तोंडंही दिसली. त्यानं बूच हळूच काढलं, खिशात टाकलं आणि उभा राहिला.

"माहीच चुकी होती सायेब," तो सदाशिवरावांना म्हणाला. "कार्बोरेटरच्या जेटमंदी कचरा राह्यलता. आता ठीक हाय."

उकंडरावांचे कान तापले. आता नुसतं गप्प बसलं की सुटका होती. जहीरनं दार उघडून धरलं होतं, फक्त निघून जायचं होतं. आणि तेच त्यांना जमेना.

"खोटं बोलून राह्यला हा," ते म्हणाले. "कचरा-बिचरा काही नव्हता. मीच नळ्यायले बुचं ठोकलती. आन पेट्रोलचा कॉक उघडा ठेवलता, तोबी मीच."

क्षणभर कुणाला कळेना. मग कळलं, आणि टपरीवर असा हशा उठला की एकाच्या नाकातून चहा आला. वॉलमनचा कॉक उघडा राहिला, हे ज्याला त्याला पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. सदाशिवराव मात्र जहीरकडे बघत होते.

"तुले माहीत होतं, तं चुकी अंगावर काहून घेतली?"

जहीरनं हात फडक्याला पुसले. "अब्बा गेले त्या दिवशी आमच्या मोहल्ल्याचा पाण्याचा वार नव्हता. मय्यतीले आंघोळ घालाले पाणी नाही. भाऊनं कोणाले न विचारता वॉल खोलला. मी चौकात त्यायचं नाव कसं घेऊ?"

उकंडरावांना तो दिवस आठवतही नव्हता. त्यांना फार लाज वाटली. सदाशिवराव "उद्या गाडी पाठवतो" असं जहीरला म्हणाले, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत उकंडराव त्या प्रत्येक ओट्यावर गेले, जिथं बसून त्यांनी जहीरला नावं ठेवली होती, आणि आपल्या तोंडानं आपली फजिती सांगून आले. पहिल्या दोन ठिकाणी फार जड गेलं. सातव्या ओट्यावर ते किका मारण्याची नक्कल करून दाखवत होते.