दाजींची जय्यत तयारी

येऊ घातलेल्या संकटाची आमच्या दाजींइतकी सरबराई साऱ्या सातारा-सांगलीकडे दुसऱ्या कुणी केली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, जनावरांचे सरकारी डॉक्टर. सत्तरच्या दशकात पडद्यावर चित्रं दाखवत गावोगाव मेंढरांच्या रोगांवर भाषण करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. मी स्वतः सामान मोजून भरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, पण दाजींपुढे मी बेफिकीरच ठरायचो. वीज जाईल म्हणून गॅसबत्ती, ती भडकेल म्हणून कंदील, पडदा फाटेल म्हणून धुतलेलं धोतर, घसा बसेल म्हणून ज्येष्ठमध. आणि तरीही बसलाच तर भाषण म्हणायला खुद्द आक्का! "कणीक मळता मळता मेंढरांचे समदे रोग मला येऊन गेले," असं ती म्हणायची. आष्ट्याला ठरलेले अध्यक्ष आलेच नाहीत, तेव्हा दाजींनी पिशवीतला हार काढून माझ्या गळ्यात घातला. आपल्याला सोबत का नेतात, ते मला तेव्हा कळलं. कुंडलला ऐन भाषणात वीज गेली, तर अंधारातून त्यांचा आनंदी आवाज आला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

कवठे महांकाळकडच्या एका धनगरवस्तीवर मात्र काहीच बिघडलं नाही. दाजी अस्वस्थ झाले. भाषण संपल्यावर एक म्हातारा उठला.

"डागतर, परवा आमी मेंढरं घेऊन लांब चरायला निघणार. गेल्या साली निम्मी वाटंतच मेली. तुमी सांगितली ती सुई लावली तर जगतील न्हवं?"

"जगतील की."

"मग उद्या सकाळी समदी आणतो."

सकाळी माळ मेंढरांनी पांढरा झाला आणि दाजींचा चेहराही. एरवी लोक भाषण ऐकायचे, मान डोलवायचे आणि घरी जायचे. त्यामुळे त्यांनी लस आणली होती ती जेमतेम एका कळपापुरती.

"बाबा, चुकलं माझं. लस पुरायची नाही. मला वाटलं, कोण ऐकतंय!"

"आवं, येवडं घसा फोडून सांगितलंत, आन् आमी ऐकायचं न्हाई व्हय? जावा, घेऊन या. आमी हाय हितंच."

"लौकर या बरं," मागून एक तरणा ओरडला. "माळावर गवत न्हाई, मेंढरं तुमचं धोतर खातील!"

आम्ही जीपनं सांगली गाठली. बर्फात लस भरून घेतली आणि तसेच माघारी फिरलो. वाटेत मी विचारलं, "दाजी, ते निघून गेले असले तर?"

 दाजींनी बर्फाचा डबा मांडीवर घट्ट धरला. हळूच म्हणाले, "गेले असले तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही रे."

उन्हं कलताना मेंढरांचं बें-बें कानावर आलं. जीप पुरती थांबायच्या आत दाजी उतरले. म्हातारा उठला आणि पहिली मेंढी गुडघ्यांत धरून उभा राहिला. दाजींनी सुई भरली. पहिली टोचून होते तोवर म्हाताऱ्यानं दुसरी धरली होती.