रोझाबाईंचा राग

शेजाऱ्यांना कुणी ‘छान’ म्हटलं की रोझाबाई भडकायच्या. नेदरलंड्समध्ये फेल्डहोवनला आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी बेसनाचे लाडू घेऊन शेजारी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “इथले शेजारी किती छान आहेत!” त्या फटकन म्हणाल्या, “आमचेही छान होते. आईवडिलांना नेलं, आणि संध्याकाळपर्यंत आमची भांडी छान वाटून घेतली त्यांनी.” लाडू मात्र ठेवून घेतले.

ज्यू म्हणून त्यांच्या घरातल्या सगळ्यांना नाझींनी छावणीत मारलं. आईने कपाटात लपवलेल्या पाच वर्षांच्या रोझाबाई तेवढ्या वाचल्या. पुढे मास्ट्रिख्टजवळच्या एका शेतकऱ्याने त्यांना सांभाळलं.

माझ्यावर त्यांचा जीव होता, हे त्यांच्या ओरडण्यावरून कळायचं. “सायकलला दिवा नाही? मरायचंय का?” म्हणत स्वतःच दिवा आणून लावायच्या. इथे ज्याचा वाढदिवस त्याच्या नातेवाइकांचंही अभिनंदन करतात. रोझाबाईंकडे नातेवाईक कुठले! “माझं कर आणि बस,” म्हणायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला पुण्याहून आलेले माझे सासरेही होते. केक खाता खाता बाबा आपल्याकडच्या बेशिस्तीवर घसरले आणि मला मराठीत म्हणाले, “आपल्याला एक हिटलरच पाहिजे. सगळे सुतासारखे सरळ होतील.” पुण्यातल्या दिवाणखान्यांत हे मी लहानपणापासून ऐकतेय. तिथे सगळे माना डोलावतात. त्या दिवशी मात्र अस्सा संताप आला मला!

ते नाव रोझाबाईंना कळलंच. “काय म्हणाला तो? शब्दन् शब्द सांग.” मी सांगितलं.

त्या बाबांकडे वळून इंग्रजीत, सावकाश बोलल्या. “तो आमच्या घरी आला नव्हता. आमच्याच गावातले दोन पोलीस आले होते. पायपुसण्यावर बूट पुसून आत आले. कपाटाच्या फटीतून पाहिलं मी. फार शिस्तीची माणसं. आता निघा.”

बाबा हादरले. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी फुलं घेऊन गेले, दारातच सॉरी म्हणाले, रडलेसुद्धा. रोझाबाई म्हणाल्या, “तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी माफ करू? नाही करणार.” बाबा फुलं घेऊन परत आले. मला त्यांची दया आली, पण त्यांची बाजू घ्यावीशी काही वाटली नाही.

या हिवाळ्यात रोझाबाई गेल्या. मी पुण्याला फोन करून सांगितलं. बाबा हळूच म्हणाले, “शेवटपर्यंत राग होता का गं त्यांचा माझ्यावर?”

“हो,” मी म्हणाले.