दुधावरचा आळ

गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात नत्थूजी पस्तीस वर्षं थान तपासत आलेत. थान उलगडायचं, उजेडासमोर धरायचं, कुठे भोक, कुठे डाग, ते बोट ठेवून सांगायचं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं शेठ गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतो. या माणसाने स्वतःच्या घरातलं मात्र अठ्ठावीस वर्षं झाकून ठेवलं.

त्यांना आधी दोन मुलगे झाले होते, मोहित आणि प्रेमानंद. दोघंही तीन महिन्यांच्या आत गेले. जुलाब थांबेनात, अंगाची कातडी सोलून निघे. बायकोचं, कौशल्याचं, दूधच बाधलं असं नत्थूजींनी ठरवून टाकलं. पुढे उन्नती झाली, तिला त्यांनी वरच्या दुधावर वाढवलं, आणि ती ठणठणीत निघाली. मग काय, त्यांना पुरावाच मिळाला! कौशल्याने मान खाली घातली ती कायमची. उन्नतीची सोयरीक जुळताना घराण्यात खोट दिसायला नको, म्हणून त्या दोघांची नावंही घरात घ्यायची नाहीत असं ठरलं. खुद्द उन्नतीलाही कुणी काही सांगितलं नाही.

उन्नती बाळंतपणाला हुडकेश्वरला माहेरी आली. मुलगा झाला. चौथ्याच दिवशी नत्थूजी पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आले.

"अंगावर पाजू नको वं. आपल्या घरच्या बायांचं दूध लेकराले पचत नाही."

उन्नती रडली, पण बापाचं ऐकलं.

दीड महिन्यात बाळाला, बंटीला, जुलाब लागले, अंग लाल होऊन सोलायला लागलं, रक्तातली साखर भलतीच वाढली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर नूपुर यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आईच्या माहेरी कुणी मुलगे तान्हेपणी गेलेत का?"

समोर जावई जितेंद्र उभा होता, त्याचे वडील उभे होते.

"नाही, मॅडम," नत्थूजी म्हणाले. "आमच्याकडे असं काही नाही."

कौशल्याने पदर तोंडाशी नेला. एवढंच.

त्या एका 'नाही'पायी बावीस दिवस गेले. साखरेवर, जुलाबांवर, कातडीवर वेगवेगळी औषधं चालली. तेविसाव्या दिवशी बंटीच्या पाठीवरची कातडी मोहितसारखीच निघून आलेली नत्थूजींनी पाहिली. डॉक्टरांना एकटं गाठून त्यांनी सगळं सांगितलं. त्याच संध्याकाळी औषधं बदलली, तपासणीसाठी रक्त गेलं. पण तोवर जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं.

"छातीच्या हाडामागे थायमस नावाची छोटी ग्रंथी असते. रोगांशी लढणाऱ्या काही पेशी तिथे तयार होतात. आपल्याच शरीरावर उलटतील अशा बऱ्याचशा तिथेच संपवल्या जातात. त्यातल्या काहींना मात्र पहारेकरी बनवतात, बाकीच्यांना आवरायला. बाळात ते पहारेकरी नीट घडलेच नाहीत. त्याच्याच पेशी त्याची आतडी आणि कातडी खातायत."

नत्थूजींना चटकन कळलं. दुकानात डागी थान सगळंच फेकत नाहीत, त्यातलंच काही गठ्ठ्याला गुंडाळतात, म्हणून आतला माल शाबूत राहतो.

"हा दोष आईकडून मुलग्यांत उतरू शकतो; उन्नती, तुमचे दोन भाऊही त्यानेच गेले असावेत. मुली धडधाकट राहतात. यात कुणाची चूक नाही. लवकर कळलं असतं, तर दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवायचा प्रयत्न करता आला असता. आता त्याला ते झेपणार नाही."

"मॅडम," कौशल्या पहिल्यांदाच बोलली, "मंग दुधाचं काहीच नव्हतं?"

"दुधाचा काहीएक संबंध नाही."

उन्नती बापाकडे वळली. "त्या दोघांचं मले काहून नाही सांगितलं, बाबा? अन् माह्यं दूध काहून तोडलं?"

नत्थूजींनी रिपोर्टचा कागद उचलून उजेडासमोर धरला.

चौथ्या दिवशी बंटी गेला. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पुरून नत्थूजी घरी आले, तेव्हा दारात कौशल्या पायांवर ओतायला पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिने पाणी ओतलं नाही.

"माह्या मोहितले कुठी पुरलं होतं?" तिने विचारलं. "तवा तुम्ही मले येऊ नाही देलं. आता सांगा. मले जायचं हाय."

नत्थूजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांना ती जागा आठवेना.