कपाटातला स्प्रे

आमच्या फरवानियाच्या शाळेतले सेफ्टी सुपरवायझर कुठलंही कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतात. नशेच्या गोळ्यांनी मुलाचा श्वास बंद पडायला लागला, तर नाकात मारायचे स्प्रे शाळेने आणले, गेटवरच्या गार्डना ते वापरायलाही शिकवलं. या महाशयांनी सगळे कपाटात कोंडले. "हरवले तर जबाबदार कोण, मॅडम?"

परवा दहावीतली मुलगी गेटवरच कोसळली. ओठ निळे पडलेले, गार्डबाई स्प्रेसाठी ओरडतायत आणि हे जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतायत! मुलगी वाचली, ते तिचं नशीब. मी तणतणत ऑफिसात गेले, तर साहेब तो वापरलेला, रिकामा स्प्रे पुन्हा कपाटात ठेवत होते. कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं.