कमलाबाईसारखी बाहुली

देवळीच्या आठवडी बाजारात कमलाबाईकडून वांगी घेणं म्हणजे उलटतपासणीला उभं राहणं. गिऱ्हाइकाने वांगं उचललं की ती आधी त्याच्या हाताकडे बघते, मग पिशवीकडे, आणि तो गेल्यावर ढीग पुन्हा एकदा न्याहाळते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. कमलाबाईचं तोंड कधी पोळलं होतं हे कुणालाच ठाऊक नाही, पण ती पाणीसुद्धा फुंकून पिते. नवरा कैलास गरीब माणूस. "असन", म्हणजे असेल, हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर.

धाकटी जाऊ गोपिका हिच्याशी तर पाच वर्षं बोलणं बंद होतं. दोघींच्या सामाईक विहिरीवरची मोटार आपल्या पाळीत गोपिका मुद्दाम बंद करते, असा कमलाबाईला संशय आला होता. पुढे स्टार्टरच बिघडलेला निघाला, पण तोवर तोंडातून जायचं ते गेलं होतं. आणि माघार घेणं तिच्या रक्तात नाही.

यंदा दिवाळीनंतर घरात भलतंच सुरू झालं. विंचरताना गळलेले केस कमलाबाई गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवते. केसवाला आला की गुंतवळ देऊन त्याच्याकडून वाटी-बिटी घ्यायची. एका सकाळी फट रिकामी. आठ दिवसांनी तिच्या हिरव्या पातळाचा कोपरा कातरलेला. उंदीर म्हणावा, तर उंदीर इतकं सरळ कापत नाही. त्यात पंधरा वर्षांची खुशी, तिची एकुलती एक लेक, सुटीच्या दुपारी "मैत्रिणीकडे जातो" म्हणून निघायची आणि नखांत काळी माती घेऊन परतायची.

केस, पातळाचा तुकडा, माती. करणीला आणखी काय लागतं? आपलं काय व्हायचं ते होवो, पण पोरगी हातची जात होती, आणि तेच तिला सोसेना.

"गोपिकाचंच काम हाये हे," ती कैलासला म्हणाली. "माझ्या पोरीले नादी लावून राह्यली थे."

"असन," कैलास म्हणाला आणि भाकर मोडली.

रविवारी ती खुशीच्या मागे निघाली. पोरगी मैत्रिणीच्या घरावरून सरळ पुढे गेली आणि गोपिकाच्या रिकाम्या गोठ्यात शिरली. कमलाबाईने पत्र्याच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आत पाटावर वीतभर उंचीची मातीची बाहुली. डोक्यावर कमलाबाईचे केस, अंगावर तिचंच हिरवं पातळ. गोपिका टाचणीने बाहुलीचा हात जरासा उचलायची, बाजूला सरायची. मग खुशी एका उपड्या टोपल्यावर वाकून पुटपुटायची, "तीनशे बारा." पुन्हा टाचणी. "तीनशे तेरा."

कमलाबाईने दाराला लाथ घातली. कुणाला काही कळायच्या आत तिने बाहुली उचलली, जमिनीवर आपटली आणि वर पाय दिला.

"माझ्यावर करणी करून राह्यली काय गं?" ती जावेवर ओरडली. "अन् तेही माझ्याच पोरीच्या हातून?"

खुशी रडली नाही. नुसती त्या मातीकडे बघत राहिली, आणि हे कमलाबाईला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

"थे पिच्चर होतं, आई," खुशी म्हणाली. "बाहुली थोडी थोडी हलवाची अन् दरवेळी फोटो काढाचा. सगळे फोटो भराभर लावले का बाहुली चालते. शाळेत एक दिवस शिकवलंतं. तुले सांगितलं असतं तर तू हजार सवाल केले असते. काकूनं आपला फोन देला, बाहुलीचं पातळ शिवलं, दर सुटीले माझ्यासोबत बसली."

गोपिकाने टोपल्याला तारेने बांधलेला फोन सोडला आणि जावेपुढे धरला. पडद्यावर बाहुली बाजारात बसली होती. तिने वांगं उचललं, फिरवून पाहिलं, मान वाकडी करून गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि वांगं पदराआड दडवलं. हुबेहूब! कमलाबाईला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. मग बाहुलीचा हात हळूहळू तोंडाकडे जाऊ लागला आणि चित्र तिथेच थांबलं.

"इथं काय करते थे?"

"हसणार होती," खुशी म्हणाली. "पण तू हसते कशी, मले मालूमच नाई. म्हणून काकूले विचारलं. काकू म्हणे, तिचं नवीन लग्न झालंतं तवा तू लय हसत होती."

कमलाबाईने जावेकडे पाहिलं. डोळे तसेच बारीक, आवाज मात्र खाली आला होता.

"कशी हसत होती मी?"

गोपिकाने तोंडावर पदर धरला, मान मागे टाकली आणि खांदे हलवत फिसकन हसून दाखवलं. "चुलीपाशी आपण दोघी बसलो का असं सुरू व्हाचं तुमचं, बाई."

"खोटं," कमलाबाई म्हणाली. मग ती खाली बसली आणि पायाशी पडलेली माती दोन्ही हातांनी गोळा करू लागली. "पुन्हा दाखव. नीट पाहू दे."