कुंचले दोन, सहा आणि दहा

मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं वाचताना तुमचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. लग्न होऊन मी शिरूरला आले, म्हणजे शिरूरलाही नाही, शिरूरपासून मैलभर अलीकडं मळ्यात. घरात सासरे, त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा म्हणून मीही आबाच म्हणायची, सासूबाई, आणि आमचे हे. मी सातवी फायनल पास होते. ते मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत असे (ऐकवलं नाही की लोक विसरतात आणि शेणी थापायला बसवतात).

तेव्हा शिरूरच्या एका शाळेत चित्रकलेला बाई हवी होती. हेडमास्तर म्हणाले, चित्रकलेची परीक्षा पास होऊन या, जागा तुमची. आणि त्याच शाळेत दर रविवारी चित्रकलेचा वर्गही निघाला, ज्यांनी जन्मात रांगोळीपलीकडं काही काढलेलं नाही अशांसाठी. म्हणजे माझ्यासाठीच. पण वर्ग घेणारे मास्तर भलतेच कडक. त्यांनी आधीच सांगून टाकलं की पहिल्या रविवारी जो सामान घेऊन येईल तो वर्गात बसेल; रिकाम्या हातानं येईल त्यानं दारातूनच परत फिरायचं, त्याच्या जागेवर बसायला दुसरे तयार आहेत. सामान नाही तर वर्ग नाही, वर्ग नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नोकरी नाही. आणि नोकरी नाही तर शेणी होत्याच.

आधी आबांची परवानगी हवी होती. मला साध्या हळदीकुंकवाला पाठवायचं तर आबा आठवडाभर विचार करायचे. तेव्हा आता महिना जाणार असं मी धरून चालले होते. आमचे हे विचारायला म्हणून ओट्यावर गेले आणि तंबाखू मळून होईपर्यंत परतसुद्धा आले. "व्हय म्हणाले," असं सांगून हे भाकरी खायला बसले. मला तिथंच संशय यायला हवा होता. पण मी इतकी खूश झाले होते की ह्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला. तो गोळा आठवला की आजही माझा तिळपापड होतो.

मग सामान. शिरूरच्या दुकानात तेव्हा पेन्सिल मागितली की पाटीवरची पेन्सिल पुढं करायचे. रंग वगैरे मिळायचे ते दौंडला. तिथं रेल्वेची वस्ती, साहेबांची पोरं, त्यांचे शौक. आता बघा. दौंड माझं माहेर. तिथली पेठ मला तोंडपाठ. कुठल्या दुकानात काय मिळतं हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. मग सामान आणायला कोण जाणार? तर आबा! का, तर विहिरीवरच्या इंजिनाचा कसलासा भाग पार्सलनं दौंड स्टेशनात येऊन पडला होता, आणि एका घरातली दोन माणसं एकाच गावाला कशाला जायला हवीत? शिवाय सासूबाईंचं म्हणणं, की सून माहेरी गेली की चार दिवस हलत नाही. (खरं होतं. पण म्हणून काय झालं?)

त्यातून आमच्याकडं सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. सुनेनं दाराआडून बोलायचं, नवऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून ते पुढं पोचवायचं. टपालखातं परवडलं, निदान ते पाकीट तरी फोडत नाही. आमचे हे प्रत्येक वाक्य आधी फोडायचे, त्यातलं त्यांना नको ते काढून टाकायचे, आणि उरलेलं आबांना द्यायचे.

मी आतून सांगितलं, कुंचले, नंबर दोन, सहा आणि दहा. हे बाहेर म्हणाले, "कुंचलं. दोन, सहा आन् धा." मी सांगितलं, पेन्सिल, मऊ, टू-बी. हे म्हणाले, "पेन्सिल, चांगली बघून." मी सांगितलं, कागद, जाड आणि जरा खरबरीत. ते मात्र ह्यांनी जसंच्या तसं पोचवलं. मग पाण्यात कालवायचे रंग, आणि ते कालवायला एखादं पसरट भांडं. सगळं ऐकून घेऊन आबांनी एकच प्रश्न विचारला.

"रंग द्यायचाच हाय न्हवं?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, काय हा प्रश्न. मी आतून ठणकावून म्हटलं, "हो, रंग द्यायचाच आहे."

शनिवारी दिवेलागणीला आबा आले. एस.टी.च्या टपावरून सामान स्टँडवर उतरवून, तिथून कुणाची तरी बैलगाडी करून आले. इंजिनाचा भाग आबांच्या पिशवीतच होता; मग चित्रकलेच्या सामानाला बैलगाडी का लागली, हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी ओटीवर कंदील धरून उभी राहिले आणि हे एकेक वस्तू आत आणायला लागले.

पहिल्यांदा आलं एक लोखंडी घमेलं. पसरट भांडं! मग कळीच्या चुन्याचं पोतं, आणि त्याच्याबरोबर पिवडीच्या आणि तांबड्या कावेच्या पुड्या. पाण्यात कालवायचे रंग! मग सुताराच्या कानावर असते ती लाल, चपटी, बोटभर जाडीची पेन्सिल. चांगली बघून आणलेली. मग सुतार लाकूड घासायला वापरतात त्या पॉलिश पेपरचं भेंडोळं. जाड होता, आणि खरबरीत तर इतका होता की माझ्या बोटाचं सालटं निघालं. आणि शेवटी सुतळीनं बांधलेला एक भारा आला. घायपाताचे कुंचे. भिंतीला चुना द्यायचे.

"आठरा हायत," आबा घाम पुसत म्हणाले. "दोन, सहा आन् धा. चाँदभाईनं स्वता मोजून दिल्यात. त्यो म्हणला, आबा, येवढं कशापायी? म्हणलं, सून रंगकाम शिकती आमची."

चाँदभाई म्हणजे दौंडचे चुना-लोखंडाचे दुकानदार, आबांचे जुने दोस्त. त्यांनी म्हणे आबांना चहा पाजून माझी तारीफसुद्धा केली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासऱ्यांवर कोण ओरडणार? मी ह्यांना डोळ्यांनीच स्वयंपाकघरात बोलावलं. पलीकडं सासूबाई बसलेल्या, त्यामुळं सगळं भांडण कुजबुजत करावं लागलं. कुजबुजत भांडण्यासारखा दुसरा छळ नाही. सगळा जोर हातातल्या उलथन्यावर निघतो. मी विचारलं, तुम्ही आबांना चित्रकला म्हणून सांगितलंत ना? हे चुलीतल्या लाकडाकडं बघायला लागले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा हे म्हणाले की चित्रकला असं काही म्हटलं नाही. चित्र म्हटलं की आबांना सिनेमाच्या पाटीवरची बाई दिसते, म्हणून मी आपलं रंगाचं काम म्हणालो. आणि आबा लगेच हो म्हणाले, दर दिवाळीला रंगाऱ्यामागं फिरायला नको, घरचं माणूस तयार होईल.

आता माझी पंचाईत बघा. आबांना त्यांची चूक सांगावी, तर चित्रकला उघडी पडणार आणि वर्ग बंद. न सांगावी, तर उद्या मास्तर दारातून परत पाठवणार आणि वर्ग बंद. इकडून बंद, तिकडून बंद, आणि मधे आमचे हे भाकरी मागतायत! मी भाकरी दिली. करपलेली होती, ती मुद्दाम शोधून दिली.

तेवढ्यात अंगणातून फसफस आवाज यायला लागला. आबांनी पिंपांत चुना विरवायला घातला होता. "सकाळच्याला तयार पायजे," असं ते बैलांना सांगत होते.

रविवारी सकाळी मला गुपचूप चालत जाऊन मास्तरांच्या हातापाया पडायचं होतं. पण येवढं सामान सुनेनं डोक्यावर न्यायचं म्हणजे घराण्याची अब्रू काय राहिली? आबांनी फेटा बांधला, गाडी जुंपली. दोन पिंपं, घमेलं, कुंच्यांचा भारा आणि त्यावर मी. माझ्या मांडीवर सुताराची पेन्सिल. हे मागून सायकलवर येत होते, बऱ्याच अंतरावरून. वाटेत भेटेल तो विचारायचा, आबा, कुणीकडं? आणि आबा प्रत्येकाला गाडी थांबवून सांगायचे.

शाळेच्या पटांगणात दहा-बारा जण जमले होते. हातात पत्र्याच्या चिमुकल्या रंगपेट्या, काखेत कागदाच्या सुरळ्या. आमची गाडी आत शिरली तशी सगळे बघायलाच लागले. आबांनी पिंपं उतरवली, कुंचे मास्तरांच्या पायाशी ठेवले आणि म्हणाले, मोजून घ्या. मग जो हशा पिकला तो पिकला! एक शिष्ट पोरगा, भांग पाडलेला, म्हणाला, "आजोबा, ताजमहाल काढायचाय का?"

मास्तर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अहो, हा चित्रकलेचा वर्ग आहे. इथं चित्रं काढतात, भिंती रंगवत नाहीत. सामान नाही, तर या बाईंना मला घेता येणार नाही."

आबा सावकाश माझ्याकडं वळले. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते.

"चित्रं?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांना शोधलं. हे सायकलच्या चाकातली हवा बघत होते. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. पदर, पद्धत, दाराआड, सगळं गाडीतच राहिलं.

"हो, चित्रं," मी म्हटलं. "घागरीची, पानाफुलांची. ती शिकून मला ह्याच शाळेत नोकरी करायची आहे. मला चुना द्यायला शिकायचं नाही, आबा. तुम्ही आणलेलं सामान चुकलंय."

आता गाडी वळणार आणि माझी नोकरी तिच्यातून घरी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या भांग पाडलेल्याकडं बघितलं. आबांच्या आयुष्यात त्यांचं काही चुकलंय असं चारचौघांत कुणी म्हणालेलं नव्हतं, आणि ते आता सुरू करायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

"मास्तर, वर्ग कुठल्या खोलीत भरतोय?" असं म्हणून ते जोड्यांसकट आत गेले. आम्ही सगळे मागं. त्या खोलीच्या भिंती काय वर्णाव्यात! कोपऱ्यांत जळमटं, खाली पोरांच्या तेलकट डोक्यांचे गोल डाग, पोपडे निघालेले. आबांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट मास्तरांच्या नाकापुढं धरलं.

"हितं बसून चित्रं काढणार तुमी? आदी भितीला रंग द्या. मंग कागदाला. सुनंनं सामान बराबर सांगितलंय."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात गलका ऐकून हेडमास्तर आले. त्यांनी तयार चुन्याची पिंपं बघितली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की बस. दोन दिवसांवर दिपोटीसाहेबांची शाळातपासणी आली होती, आणि चुन्याची मंजुरी कुठं तालुक्यात अडकली होती. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं, काहीतरी बोलले, आणि परत येऊन जाहीर केलं की या बाईंची जागा पहिली.

मग आबांनी कुंचे वाटले. ताजमहालवाल्याला सगळ्यात मोठा. मास्तरांनाही एक दिला, आणि उरलेल्यातला एक सायकलजवळून ओढत आणलेल्या ह्यांना. दुपारपर्यंत सगळा वर्ग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला. आबा मधे उभे राहून शिकवत होते: कुंचा वरून खाली, मंग आडवा, वाळल्याबिगर दुसरा हात द्यायचा न्हाई. निघताना त्यांनी मास्तरांचा सहा नंबरचा कुंचला दोन बोटांत धरून उजेडात न्याहाळला. "ह्यानं कवा व्हायचं?" असं पुटपुटून तो परत दिला, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना तसला आणायला दौंडला धाडलं. ह्यांना! मला नाही!

वर्षभर मी रविवार चुकवला नाही. परीक्षा दिली आणि नापास झाले. मास्तर सांगायला मळ्यात आले. म्हणाले, रेषा छान आहे, पण परीक्षकांनी तुमचं चित्र हातात घेऊन विचारलं, चित्रात रंग भरतात. या बाईंनी रंग दिलाय का?

मी रागानं लाल झाले. आबा ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हात किती दिलंस?"

"एकच," मी म्हटलं.

"मंग नापास करत्याल न्हाई तर काय. येका हातात कवा रंग बसतोय? दोन द्यायचं."

पुढच्या वर्षी मी कुणाला न सांगता दोन हात दिले. पास झाले, नोकरी लागली. आबांना मात्र ते दोन हातांचं मी अजून सांगितलेलं नाही, आणि मला राग येत नसला तरी त्यांचं बरोबर निघालं याचा येतो.