बिनबैलांचा पट

बातमी आधी बैलाची आली. मी सहावीच्या वर्गावर होतो. शाळेचा शिपाई दारात येऊन म्हणाला, "मास्तर, मानोऱ्याकडच्या पटात मालकाच्या नव्या बैलाचा पाय मोडला म्हन्ते. जीप पाठवून गुरांचा डाक्टर आनला." मी विचारलं, "अन् छकड्यावर कोन होतं?" तो म्हणाला, "श्रावण होता. तो गेला." बैल आधी, माणूस मागून. दोन महिने होत आले, तो क्रम माझ्या डोक्यातून जात नाही. शिपायाचा दोष नाही. आमच्याकडे बातम्या अशाच येतात.

श्रावण उकंडा सावळे. मंगरूळपीरच्या अलीकडे आमचं गाव, दोघांची घरं एकाच वस्तीत. छप्पन साली धम्म घेतला आणि दोन्ही घरांतले देव एकाच दिवशी बाहेर निघाले, तेव्हा आम्ही दोघं नाल्यापर्यंत टोपली धरून गेलो होतो. पुढे मी शिकलो आणि मास्तर झालो, तो मालकाच्या गोठ्यावर राहिला. मालकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते पटाच्या भोंग्यावर पुष्कळ वेळा घेऊन झालं आहे.

शंकरपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन बैलांचा हलका छकडा, सरळ धाव, आणि घड्याळावर मोजलेले सेकंद. छकड्यावर उभा राहून जीव धोक्यात घालतो तो धुरकरी, पण भोंग्यावर नाव घेतात ते जोडीच्या मालकाचं. हीच रीत, आणि ती कुणाला खटकत नाही. श्रावणाला खटकायची. एका हंगामाच्या सुरुवातीला त्याने चार माणसांत मालकाला तसं विचारलं. मालक हसून म्हणाला, "दहा सेकंदांच्या आत आन, तुह्यंच नाव घ्यायले लावतो." तेव्हा ती जोडी अकराच्या वरच होती.

बैल मालकाचे, आणि दमू नयेत म्हणून आठवड्यातून एकदाच जुंपायला मिळायचे. मग श्रावणाने बैलांशिवाय पट मांडला. अंगणातल्या निंबाला चार दोरांनी, छकड्यासारखं वर उभं राहायला, बाभळीचा ओंडका टांगला. समोरच्या भिंतीत दोन खुंट्या, त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबा, आणि ट्यूबांना कासरे. ओढले की बैलांसारखी उलटी ओढ बसायची. कौसावहिनी, म्हणजे त्याची बायको, मागून ओंडका हलवायची. तिलाही धाव पाठ झाली होती. कुठे खडे, कुठे खोलगा, तसा ती धक्का द्यायची. मी शाळेच्या खेळांच्या कपाटातलं घड्याळ घेऊन बसायचो. तो डोळे मिटायचा, मी "चल" म्हणायचो, आणि मनातल्या मनात शेवटची झेंडी गाठली की तो ओरडायचा, "पोचलो!" वस्ती पोट धरून हसायची. "श्रावण झाडाले जुतला," म्हणायची. हसू द्या. त्या अंगणातली वेळ आणि पटातली वेळ महिन्याभरात घड्याळाच्या एका ठिपक्यावर, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागावर, येऊन जुळली.

एकदा माझ्या लक्षात आलं, की मधल्या खोलग्यापाशी दर वेळी ट्यूबा ताणल्या जातात, म्हणजे पटात बैल तिथे मंदावणार. मी म्हटलं, "इथं काहून ओढतं?" तो म्हणाला, "म्या कुठं ओढलं?" त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच जागी तो कधीतरी पडला होता, आणि ती भीती डोक्यातून गेली तरी हातात राहिली होती. ती हातातून काढायला त्याला दीड महिना लागला. रोज सकाळी, गोठ्यावर जायच्या आधी, वीस-वीस धावा.

गावचा पट आला. मंचावर घड्याळ माझ्याकडेच होतं. त्या दिवशी खोलग्यापाशी कासरे सैलच राहिले. नऊ सेकंद आणि वर चार ठिपके. वेळ आणि नाव लिहून चिठ्ठी भोंगेवाल्याकडे द्यायची, एवढंच काम. वेळ लिहिली. मग मी मालकाकडे पाहिलं. तो पाहुण्यांशी हसत होता. शाळा चालवणाऱ्या मंडळाचा तोच अध्यक्ष, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती... मी मालकाचं नाव लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, डोळे वटारले नव्हते. हात आपोआप चालला. भोंग्यावर ते नाव तीनदा गाजलं. श्रावण खाली बैलांना धरून उभा होता, आणि तो मालकाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

संध्याकाळी मला म्हणाला, "जाऊ दे मास्तर, टाईम तं आपलाच हाय." त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या दिल्या नाहीत म्हणून मी त्याच्यावरही चिडलो होतो, अजून चिडलेलो आहे.

पुढच्या हंगामात मालकाने नवी, बुजरी जोडी आणली. श्रावण म्हणाला, "अजून आठ दिवस द्या, मालक." उत्तर मिळालं, "भेत असशीन तं दुसरा पाहतो." छकडा उलटला. आणि हा मालक अंत्यविधीनंतर वस्तीत येऊन, आमच्याच बाजेवर बसून म्हणाला, "माह्या जोडीले असा मानूस आता भेटत नाही." त्याच्या जोडीला! मी तेव्हाही गप्पच होतो. मागच्याच महिन्यात नोकरी कायम झाली.

परवा वहिनीकडे गेलो. मनातलं सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. तीच आधी बोलली.

"भाऊजी, त्या पटाच्या दिवशी घरी येऊन त्याईनं मले सांगतलं, ‘भोंग्यावर माह्यं नाव घेतलं.’ तीनदा घेतलं म्हने."

ती निंबाकडे पाहत होती.

"भोंगा इथवर आयकू येते, भाऊजी. मी अंगनातच होती."

"मंग तुमी त्याले काय म्हनलं?"

"म्हनलं, हाव, आयकलं मी."

ती मला लावून एक शब्दही बोलली नाही. चहा ठेवला.

ओंडका अजून निंबाला टांगलेला आहे. मालकाचा माणूस गोठ्याचे म्हणून ते दोर मागायला आला होता, वहिनीने त्याला दारातूनच परत पाठवलं. मी निघताना तिने सहज हात लावला आणि ओंडका हलला, आधी खड्यांवरून गेल्यासारखा, मग खोलग्यात उतरल्यासारखा. माझ्या खिशात शाळेचं घड्याळ होतं, ते मी काढलं नाही. घरी येऊन हे लिहायला बसलो.

श्रावण उकंडा सावळे. नऊ सेकंद, चार ठिपके. चिठ्ठीवर एवढंच लिहायचं होतं.